उकळलेलं एन्झाइम

मुजाहिदभाई हिंगोलीला एक दिवसाच्या शेती प्रशिक्षणाला काय जाऊन आला, शिरड शहापुरात जणू शास्त्रज्ञच अवतरला! गळ्यात फुकट मिळालेलं ओळखपत्र, काखेत फुकट मिळालेली पिशवी आणि तोंडात एकच शब्द, एन्झाइम. चहा पिताना एन्झाइम, नमाज पढून परतताना एन्झाइम. ते ओळखपत्र तो चार दिवस गळ्यातून काढत नव्हता, बहुतेक आंघोळीलाही नाही.

हुमेरा त्याची धाकटी भावजय. आखाडा बाळापूरच्या कॉलेजात ती अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. पण घरात तिच्या शिक्षणाची किंमत काय, तर सालनात मीठ जास्त पडलं की "मॅडमचा फॉर्म्युला चुकला" म्हणून खिदळण्यापुरती. मुजाहिदच्या तोंडून एन्झाइम हा शब्द ऐकला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्याला हळदीची मुळी जमिनीत काय करते ते ठाऊक नाही, तो म्हणे एन्झाइमवर बोलणार!

आणि तिचा जीव अडकला होता त्या हळदीतच. विहिरीजवळच्या तुकड्यात तिच्या अम्मीचं वाण होतं. अम्मी गेली, भावांनी माहेरचं शेत विकून टाकलं, आणि त्या वाणाचं बेणं आता फक्त या तुकड्यात उरलं होतं. ते गेलं की अम्मीच्या हातचं काही म्हणता काही राहणार नव्हतं.

ऑगस्टात नेमकी तीच हळद पिवळी पडली. पडणारच की! सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याची पाळी आली, तशी मुजाहिदनं वावरात पाणी सोडलं. आधीच पावसानं चिखल झालेला, त्यावर हे. "पाणी फुकट येऊन राहिलं, वाया काहून घालवायचं?" हे त्याचं शास्त्र. मग पानं पिवळी दिसली, तर त्यानं वर खताचं पोतं रिकामं केलं.

"अहो, मुळी श्वास घेते," हुमेरानं नवऱ्याला, साजीदला, समजावून सांगितलं. "त्या श्वासातून जोर मिळतो, तेव्हा मुळीतली एन्झाइमं मातीतले क्षार आत ओढतात. ती एन्झाइमं मुळी स्वतः बनवते, विकत आणावी लागत न्हाईत. क्षार आहेतच जमिनीत. पण पाण्यात बुडवून तुमच्या भाईजाननं तिचं नाक दाबलंय, अन् वरून जेव जेव म्हणून राहिलेत!"

"बराबर आहे तुझं," साजीद म्हणाला. "पण भाईजान मोठे आहेत."

साजीद माणूस चांगला. पण मोठ्या भावापुढं बोलायची वेळ आली की त्याला हटकून खोकला यायचा. आताही आला.

तिकडं मुजाहिदनं एन्झाइमचं औषध मांडलं. निळ्या ड्रममध्ये गूळ, केळीच्या साली, संत्र्याच्या साली. श्रावणाच्या दमटपणात ड्रम असा काही घमघमला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग त्यात अळ्या वळवळल्या. दुसरा कुणी असता तर गप उकिरड्यावर ओतून मोकळा झाला असता. पण हा पडला हळदवाला! हळद शिजवायची कढई त्यानं चुलाणावर चढवली, ड्रम तिच्यात रिता केला आणि खाली लाकडं पेटवली.

"दूध आपण उकळतो, हळद उकळतो," तो जमलेल्या लोकांना म्हणाला, "मग एन्झाइम शुद्ध करायला नको?"

हुमेरानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर ती तिथंच फुटली असती. अरे देवा! उकळी आली की एन्झाइम मेलं, हे तिच्या वर्गातलं बाकावर झोपणारं पोरगंसुद्धा सांगेल.

"भाईजान, उकळल्यावर त्यात जीव राहत न्हाई," ती म्हणाली.

"मॅडम, तुमी पुस्तकं शिकवा," मुजाहिद म्हणाला. लोक हसले. साजीदला खोकला आला.

बरं बाबा! दुसऱ्या दिवशी हुमेरानं कॉलेजला सुट्टी टाकली, तांड्यावरच्या बेबीबाईला सोबत घेतलं आणि कुदळ-फावडं घेऊन ती वावरात उतरली. दोघींनी दुपारपर्यंत कडेनं खोल चर खणला. तुंबलेलं पाणी ओढ्याला लागलं. मागाहून मुजाहिद आला आणि झाडागणिक पेलाभर काढा ओतत गेला. चर त्याला दिसला, पण त्यात काय बघायचं? चर काही एन्झाइम नव्हता.

ऊन पडलं, जमीन वाफशावर आली, मुळ्यांना हवा मिळाली. हळद हिरवीगार झाली. आणि नाव कुणाचं झालं? त्या काढ्याचं! मुजाहिद छाती काढून गावभर फिरला. तांड्यावरचा रामसिंग तर त्याला सर म्हणायला लागला.

इथवरही हुमेरानं सोसलं. पण उन्हाळ्यात मुजाहिदनं कळस केला. चौकात त्यानं जाहीर केलं, की एन्झाइमवर पोसलेल्या या हळदीचं सगळं बेणं तो शुक्रवारी गावाला वाटणार. सगळं! ज्याच्या अम्मीचं ते नव्हतं, ज्यानं ते बुडवून मारायला काढलं होतं, तो वाटणार. हुमेरानं साजीदकडं बघितलं. साजीद खोकलाच.

शुक्रवारी अंगणात माणसं जमली. हुमेरानं निमूटपणे टोपली आणून दिराच्या हातात दिली.

"घ्या भाईजान. तुमच्याच रीतीनं शुद्ध करून दिलंय."

मुजाहिदनं ऐटीत एक गड्डा उचलला. बोट आत रुतलं. हळदीच्या गावचा माणूस तो, त्याला सांगायला नको होतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"हे तर शिजवलेलं आहे! अक्कल गहाण टाकली का? शिजवलेलं बेणं कधी उगवतं का? त्यात जीव राहतो का?"

रामसिंग आधी टोपलीकडं बघत राहिला. मग त्याची नजर हळूहळू कोपऱ्यातल्या कढईवर गेली.

"मग सर," त्यानं खरोखरच न कळून विचारलं, "ते कढईतलं कसं काय जित्तं होतं?"

पहिली बेबीबाई हसली. मग सगळं अंगण खदखदलं. मुजाहिदनं गड्डा टोपलीत टाकून दिला. खोकला मात्र साजीदला आला नाही. तोही हसत होता, मेला, एवढ्या दिवसांनी.

"टोपलीत किडकी, टाकाऊ हळद आहे," हुमेरा म्हणाली. "अम्मीचं बेणं लिंबाखाली सावलीत आहे. कोंब आलेत त्याला. ज्याला पाहिजे त्यानं माझ्याकडं यावं. पण हात हलवत न्हाई, कुदळ घेऊन. आधी चर खणायचा, मग बेणं."

रामसिंग उठला आणि कुदळ आणायला तांड्याकडं चालू लागला.