बर्फाला भोक पाडायचं यंत्र

मोरिवलीच्या हरिचंद्र भोईरच्या तोंडून "मला माहीत नाही" हे शब्द कधी कुणी ऐकले नव्हते. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फिटर होता. आसपासच्या गावांत कुणाचा पाण्याचा पंप बंद पडला किंवा पिठाच्या गिरणीचं इंजिन खोकायला लागलं, की बोलावणं त्यालाच यायचं. म्हणून एकोणीसशे त्रेपन्नच्या चैत्रात उल्हासनगरचा होतचंद शेठ सायकलच्या कॅरिअरवर एक लांबोडकं खोकं बांधून त्याच्या दारात आला.

"हरिभाऊ, ये क्या चीज है? तू सांग."

हरिचंद्रनं आधी मिशीवरून हात फिरवला. माणसाच्या कमरेला लागेल एवढ्या उंचीचा लोखंडी स्क्रू, टोकाला दोन धारदार पाती, वर नारळाएवढं पेट्रोलचं इंजिन आणि धरायला दोन्ही बाजूंनी मुठी. होतचंद उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात लिलावातला जुना माल विकायचा. तंबू आणि बादल्यांच्या एका लॉटमध्ये हे खोकं त्याच्या गळ्यात पडलं होतं. खोक्याच्या झाकणावर एक चित्र होतं. सगळीकडे पांढरंशुभ्र सपाट मैदान, मध्ये गोल भोक आणि भोकाशी जाडजूड कपडे घालून, आत दोरी सोडून बसलेला माणूस.

"मिठागराचं यंत्र आहे," हरिचंद्र ठामपणे म्हणाला.

आत त्याची बायको काशी वाल सोलत होती. तिचं माहेर ठाण्याच्या खाडीकडचं, तीन पिढ्या मिठागरात गेलेल्या. ती बाहेर आली आणि चित्राकडे बघून हसायलाच लागली.

"आमच्या मिठागरान असा घोंगडी पांघरून कोन बसतं? उन्हानं टाळू भाजतं थय. न भोक पारलं तं खाली चिखल! चिखलान दोरी सोरून काय मिलनार?"

"तुला यंत्रातलं काय कळतं?" हरिचंद्र म्हणाला.

"यंत्रातला नाय कलत. मिठातला कलतं."

होतचंदला या भांडणात रस नव्हता. "मीठ असो, साखर असो. चालू करून दे. चालू मशीन बिकता है, बंद मशीन भंगार आहे."

हरिचंद्रनं इंजिन पडवीत पोत्यावर पसरलं. जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये वाळून काकवीसारखं घट्ट झालं होतं. ते त्यानं रॉकेलनं धुतलं, बारीक भोकं केरसुणीच्या काडीनं मोकळी केली. प्लगवरची काजळी खरवडली. पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकीत ओतलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन असं कडाडलं की शेजारच्या विठाच्या कोंबड्या कौलांवर चढल्या. हरिचंद्रनं छाती फुगवून सगळीकडे बघितलं. तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

त्यानं टाकीचं झाकण काढून पेट्रोल आहे ना ते पाहिलं. होतं. पुन्हा दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, दोन मिनिटांनी पुन्हा बंद.

पुढचे तीन रविवार यातच गेले. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर चार वेळा उघडला, पेट्रोलची नळी नवी घातली. दर वेळी झाकण उघडून आत डोकवायचं, झाकण लावायचं, दोरी ओढायची. दर वेळी दोन मिनिटं. आता कोंबड्यासुद्धा उडायच्या थांबल्या. त्यांना माहीत झालं होतं.

चौथ्या रविवारी काशी खोबरेलाचा नवा डबा घेऊन त्याच्या शेजारी बसली. तिनं खिळ्यानं डब्याला एक भोक पाडलं आणि डबा उलटा केला. तेल दोन थेंब गळलं आणि थांबलं. मग तिनं दुसरं भोक पाडलं. धार लागली.

"हवा जावाला वाट नको काय?" ती म्हणाली. "तुमी झाकन उघरलं का तो चालू व्हतं. लावलं का मरतं."

हरिचंद्रनं झाकण उन्हात धरलं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि ते मातीनं बुजलेलं होतं. त्यानं तिच्याकडे न बघता तिच्या अंबाड्यातली पिन मागितली. त्या दिवशी इंजिन टाकी रिकामी होईपर्यंत चाललं.

"मी आता झाकणाकडेच येणार होतो," तो म्हणाला.

"व्हय," काशी म्हणाली आणि डबा आत नेला.

खोक्याच्या तळाशी चिकटलेलं इंग्रजी माहितीपत्रक गावच्या शाळेतल्या मधू मास्तरांनी वाफेवर सोडवून वाचलं. थंड देशांत तळी गोठतात, त्या बर्फाला भोक पाडून लोक मासे धरतात, त्यासाठी हे यंत्र. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, तरी कुणाचा विश्वास बसेना.

"मासं बर्फान ठेवतान," काशी म्हणाली. "बर्फातून कारतान कवा?"

होतचंदला मात्र सुचलं. कॅम्पात त्याच्या साडूची बर्फाची वखार होती. दुसऱ्या दिवशी भर बाजारात हातगाडीवर बर्फाची लादी ठेवून प्रयोग झाला. हरिचंद्रनं यंत्र लादीवर टेकवलं, इंजिन सुरू केलं, आणि स्क्रू फिरायच्या ऐवजी लादीच जात्यासारखी गरागरा फिरायला लागली. मग लादी धरून ठेवायला तिच्या चार कोपऱ्यांवर गोणपाट टाकून चार धट्टेकट्टे माणसं बसवली. आता यंत्र लोण्यात जावं तसं बर्फात गेलं, खालच्या फळीतही गेलं आणि तिथे अडकलं. चौघं उठले, पण पुढचा पाऊण तास त्यांना कुठे टेकता येईना.

लोक हसत होते. काशी मात्र भोकाभोवती जमलेल्या ढिगाकडे बघत होती. कापसासारखा भुसभुशीत, पांढरा कीस. तिनं मूठभर उचलला, दाबून गोळा केला आणि होतचंदच्या हातात दिला.

"शेठ, याच्यावर कोकमाचा आगळ न साखर टाक."

आठवडाभरात होतचंदनं फळीऐवजी जाड पाट बसवून गोळ्यांचा धंदा मांडला. गर्दी झाली. दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक परत आलं.

"शेठ, गोला अच्छा है. पण ढेकर मोटारचा येतो."

इंजिनाचा सगळा धूर बर्फात बसत होता. हरिचंद्रनं धुराला नळी जोडली, ती लांब केली, वळवली. वास कमी झाला, गेला नाही. शेवटी काशी म्हणाली, "इंजिन कारा. हातानं फिरवाचा दांडा लावा."

हरिचंद्रनं दोन दिवस इंजिनाला कुणाला हात लावू दिला नाही. चार रविवार खपून जिवंत केलेलं इंजिन, आणि ते काढायचं! तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच सायकलचं जुनं पेडल कापून दांडा केला, पाती सहाणेवर घासून अशी लावली की अंगठ्यावरचे केस उडावेत. इंजिन मात्र त्यानं घरी आणलं आणि पुसून फडताळात तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलं. काशीनं डबा सरकवून जागा करून दिली.

दांड्यावर काढलेला पहिला गोळा तिनं त्यालाच दिला. त्यानं गंभीर चेहऱ्यानं चोखला.

"कसा हाय?"

"पाती बरोबर बसली आहेत," तो म्हणाला आणि दुसऱ्या गोळ्यासाठी हात पुढे केला.

लालभडक ओठांनी तो त्या दिवशी पाळीवर गेला. कारखान्यात सगळ्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं प्रत्येकाला काशीच्या गोळ्याचा पत्ता सांगितला.