देवीचा दुसरा डोळा

मुलांनो, या काचेच्या पेल्यात उभा आहे तो मी, एक जुना कुंचला. खारीच्या शेपटीचे केस सुताने बांधून ईरप्पा चित्रकाराने मला घडवले. मोठे कुंचले देवीची साडी, दागिने रंगवीत. माझ्याकडे काम एकच, डोळे. ते सगळ्यांत शेवटी, अंघोळ करून, उपाशीपोटी उघडायचे. डोळे उघडल्याशिवाय देवीला हळदकुंकू वाहत नाहीत.

ईरप्पाची देवी सोलापुरात घरोघरी पुजली जाई. त्याला मात्र जातीपायी उंबऱ्याबाहेर थांबावे लागे. त्याची बहीण निंगव्वा मनाच्या आजाराने खचली, तिला शहराच्या टोकाच्या इस्पितळात ठेवले, तर तिथेही तेच. इतरांना आत खाटा, ईरप्पाच्या वस्तीतल्यांना अंगणात लिंबाखाली साखळी! सभांमधून बोलून बोलून त्याचा घसा बसला, पण साखळ्या सुटल्या नाहीत.

१९७४ च्या नवरात्रासाठी इस्पितळाच्या भिंतीवर देवी काढायला मोठ्या डॉक्टरांनी त्यालाच बोलावले. घटस्थापनेला देवी तयार झाली. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग.

"ईरप्पा, पूजा खोळंबली की रे!"

"सायेब, अंगणातली समदी आत घ्या. मग उघडतो."

"तुझ्या बहिणीला घेतो. झालं समाधान?"

ईरप्पाने मला काळ्या रंगात बुडवले. "एकीलाच घेताय, तर एकच डोळा."

त्या एका डोळ्याने इस्पितळ भेदरले. दिवा लावणारी मथुराबाई मान वर करीना. "जाईन तितं बघती गं बाई ही!" निंगव्वा खाटेवरून खिडकीबाहेर हाका मारी, "सारजामावशी, तू कवा येतीस?" आजवर तिच्या शेजारच्या साखळीला असलेली म्हातारी सारजाबाई अजून अंगणातच होती.

अष्टमीला सकाळी सारजाबाई लिंबाखाली गार पडलेली दिसली. डॉक्टरांनी आत आणखी खाटा मांडल्या. उरलेले सगळे आत आले. ईरप्पाने दुसरा डोळा उघडला. त्याचा हात हलला नव्हता, तरी बुबुळ कोपऱ्याला सरकले. आरती करणाऱ्यांकडे देवी पाहीना. ती दाराबाहेर, लिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

"पुसून नीट काढ," डॉक्टर म्हणाले.

"तिची नजर हाय, सायेब. मी कोण फिरवणार?"

पुढे ईरप्पा दुसऱ्या गावच्या इस्पितळांसाठी भांडत फिरला, पण मला त्याने पुन्हा हाती धरले नाही. माझे केस वाळून काटे झाले. मुलांनो, कुंचला वापरलात की धुऊन ठेवत जा. आणि देवापुढे दिवा लावण्याआधी एकदा अंगणात डोकावून या. कुणी बाहेर राहिले असेल, तर आधी त्याला आत घ्या.