अंकल म्हणजे नक्की कोण?

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर माझं डोकं ठिकाणावर नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका बाइंडरने मला नवा पुठ्ठा चढवला, तेव्हा 'ए'ची काही पानं त्याने चुकून 'पी'च्या मागे शिवून टाकली. तेव्हापासून माझं डोकंच माझ्या पोटात आहे.

पण पानं जागेवर होती तेव्हा तरी मला कुठे काय उमगत होतं! 'सिली' म्हणजे मूर्ख, असं मी सांगतो आणि त्याच दमात सांगतो की फार पूर्वी त्याचा अर्थ भाग्यवान असा होता. 'नाइस' म्हणजे छान, पण ज्या लॅटिन शब्दावरून तो आला त्याचा अर्थ अडाणी. मग कुणी नाइस म्हटलं तर माणसाने हसावं की रुसावं? अर्थ बदलतात शब्दांचे आणि बोलणी खातो मी.

मला घरी आणलं ते चनबसप्पांनी. ते गिरणीत कारकून होते आणि त्यांना जुन्या इंग्रजी शब्दांचा भारी सोस. एकदा त्यांनी साहेबाला इंग्रजीत अर्ज लिहिला, की सूतखात्यातल्या 'स्पिन्स्टर' बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. साहेब पोट धरून हसला, कारण आता स्पिन्स्टर म्हणजे लग्न न झालेली प्रौढ बाई. चनबसप्पा घरी येऊन मला उघडून बसले. मूळ अर्थ, सूत कातणारी स्त्री, असं मी छापील अक्षरांत सांगितलं. "आपला कोश खोटं बोलत न्हाय," असं म्हणून ते निवांत जेवले. तो दिवस आठवला की मला अजून बरं वाटतं.

ते गेले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. त्यांचा मुलगा सिद्धलिंगप्पा शेंगाचटणीचं दुकान चालवतो. इंग्रजीशी त्याचं कधी जमलं नाही. त्याची थोरली बहीण सुंदरम्मा नवरा वारल्यावर लहानग्या शिवलीलेला घेऊन माहेरी आली, ती इथेच राहिली. पोरीला सायकलवरून शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं, सगळं या मामानेच केलं.

यंदा शिवलीलेला कॉलेजात बक्षीस मिळालं. मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून समारंभाला गेला. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा शिवलीला त्याच्याकडे हात करून म्हणाली, "धिस इज माय अंकल." एवढंच. मामाचं तोंड एवढंसं झालं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "रिक्षावाला बी अंकल, वॉचमन बी अंकल, आन मी बी अंकलच व्हय गं?"

"मामा, इंग्रजीत तसंच म्हणतात."

"मग त्या इंग्रजीलाच सोड म्हणावं उद्या स्टँडवर. मी येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिकायला पुण्याला निघणार होती. मामाचा राग मात्र माझ्यावर निघाला. त्याने मला कपाटावरून ओढलं आणि दाराजवळच्या रद्दीवर आपटलं. माझं काय चुकलं, मला काहीच समजेना. आणि खरंच चुकलं असेल तर? अंकलचा अर्थ मी काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा असा सगळ्यांना एकाच पंगतीत बसवून दिला आहे. एवढ्या गर्दीत मामा हरवणार नाही तर काय!

सकाळी बॅग भरून झाल्यावर शिवलीला रद्दीपाशी बसली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने मला उघडून 'अंकल' काढला. शेवटी लिहिलं होतं : मूळ शब्दासाठी पाहा, अव्हंक्युलर. ती 'ए'कडे गेली. पान नाही! मागे गेली, पुढे गेली. अगं, 'पी'च्या मागे बघ, असं मला ओरडावंसं वाटलं, पण कोशाला तोंड कुठलं?

"शिवा, गाडी चुकंल की!" सुंदरम्माने आतून हाक मारली.

वैतागून शिवलीलेने मला मिटलं, तोच माझी जुनी शिवण उसवली आणि हरवलेली पानं तिच्या मांडीवर पडली. ती वाचू लागली आणि वाचता वाचता उठून थेट मामासमोर उभी राहिली.

"मामा, ऐका. अंकल हा शब्द लॅटिनमधून आलाय. तिथं त्याचा अर्थ फक्त आईचा भाऊ. काका नाही, शेजारी नाही, रिक्षावाला तर नाहीच. आणि फोड केली तर अर्थ होतो, छोटा आजोबा."

मामा भिंतीवरच्या चनबसप्पांच्या फोटोकडे बघत राहिला.

"छोटा आजोबा?" तो पानावर वाकला. "आसं लिवलंय? कुटं?"

तिने ओळ दाखवली. नुकतीच पूजा झाली होती. मामाने विभूतीचं बोट तसंच त्या ओळीवर ठेवलं. मग घसा खाकरून म्हणाला, "मग त्या रिक्षावाल्याला काय म्हणायचं गं?"

"दादा म्हणेन."

"हां. त्यालाच बोलाव. बॅग जड हाय."

ती दोघं एकाच रिक्षातून गेली. मी अजून रद्दीवरच होतो, आता पानंही सुटलेली. संध्याकाळी दारात रद्दीवाला आला, तेव्हा मामाने सगळा ढीग त्याला दिला आणि मला काखेत धरून आत आणलं. पानं परत शिवायला तो मला बाइंडरकडे नेणार आहे. या वेळी ती कुठे लागतील, देव जाणे.

मित्रांनो, जुन्या कोशाला टाकण्याआधी एकदा उघडून बघा. मला सगळं कळतं असं नाही. माझ्या पोटात काय आहे हे तर मला मुळीच कळत नाही, ते तुम्हीच शोधायचं. माझ्या 'ए'तल्या एका ओळीवर आता विभूतीचं राखाडी बोट आहे. तो अर्थ मात्र मला पक्का ठाऊक आहे.