वीतभर जागा

मागच्या वादळानंतर विमा कंपनीने खाडीकाठच्या शोव्हाँ गावाला एकच सुनावलं होतं: घरं वर उचला, नाहीतर आमचं नाव विसरा. त्यामुळे एलोदी तेरियोचं घर आता चौदा फुटी खांबांवर उभं होतं. घराखाली तिच्या नवऱ्याची, उलीसची, गाडी, जाळी, बर्फाच्या पेट्या आणि दुपारभर बसून राहणारे त्याचे दोन भाऊ, असा सगळा संसार. वर जायला तेवीस पायऱ्या. पहिल्या वर्षी एलोदी त्या एका दमात चढे. पुढे ती अकरावीवर थांबून खाडीकडे बघू लागली. गावाला वाटलं, बाईला देखाव्याची भारी हौस.

गुडघ्याचं ऑपरेशन ईस्टरच्या आठवड्यात करायचं ठरलं आणि डॉक्टरांनी सहा महिने जिना बंद सांगितला. हे कानावर पडताच लाफयेत शहरात राहणाऱ्या मुलीने, कार्लीनने, मागची खोली रिकामी करून पडदेसुद्धा लावले. मुलीबद्दल एलोदीची तक्रार नव्हती. पण जावई जेवताना टीव्ही लावतो, आणि नवे पडदे लावणारी माणसं पाहुण्याला सहा महिन्यांत सोडत नसतात, एवढा हिशेब तिला येत होता. आपल्या घरात राहायचं तर लिफ्ट हवी, आणि तीही ईस्टरच्या आत.

उलीसची चाळीस वर्षं कोळंबीच्या ट्रॉलरवर गेली होती. तार, पुली, जाळी ओढणारा विंच यातलं आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं मत. डाव्या हाताची दीड बोटं विंचनेच नेलेली असल्यामुळे शिकवायला कुणी जातही नसे. त्याचं म्हणणं, बर्फाच्या पेट्या वर चढवायचा पाळणा आहेच, त्यात खुर्ची ठेवू. गावातली निम्मी म्हातारी माणसं तशीच वर जातात. इतक्या वर्षांत कोळंबीने कधी कुरकुर केली नाही.

"कोळंबी मेलेली होती, उलीस," एलोदी म्हणाली.

मग खरी लिफ्ट घ्यायचं ठरलं. मानी माणूस तो. विक्रेत्याची वाट न बघता त्याने लिफ्टचा उभा खण स्वतःच बांधून काढला. वरच्या आणि खालच्या दाराला वडिलांच्या मोडीत निघालेल्या बोटीचं सायप्रस लाकूड वापरलं. दारं बाहेरच्या भिंतीशी अशी सपाट बसवली की हात फिरवला तर सांधा लागू नये. दोन्ही भाऊ रोज येऊन हात फिरवून जात.

विक्रेते येऊ लागले. पहिल्याने आरशांचे नमुने आणले. दुसरा म्हणाला, आमच्या लिफ्टमधून पियानोही जाईल. घरात पियानो नव्हता. तिघांनाही एलोदीने एकच विचारलं, मी आत असताना वीज गेली तर? तिसऱ्याने सरळ सांगितलं, बॅटरीवर हळूहळू खाली येते आणि दार उघडते. किंमतही त्याचीच कमी, आणि तो सोमवारीच काम सुरू करायला तयार. तिघांनीही दाराची तोंडभर स्तुती केली होती. तिसऱ्याला होकार द्यायचं एलोदीने जवळजवळ ठरवलंच.

चौथी, डार्ला व्हर्डिन, आली ती आधी वेळ दिलेली होती म्हणून. तिने दाराकडे कौतुकाने पाहिलं नाही. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खडूने रेघ मारली: लिफ्टचं स्वतःचं दार इथे येणार. रेघेपासून उलीसच्या दारापर्यंत वीतभर जागा होती. तिने पिशवीतून चार इंची चेंडू काढून तिथे ठेवला. तो आरामात बसला.

"मिस्टर उलीस, ही दारं आत सरकवावी लागतील," ती म्हणाली. "दोन दारांमध्ये हा चेंडू मावला तर मूलही मावतं. मूल तिथे उभं राहतं, मागे तुमचं दार लागतं, वरून कुणीतरी बटण दाबतं. दोन्ही दारं लागलेली, म्हणून लिफ्टला काही कळत नाही; ती निघते, आणि मूल चिरडतं."

उलीस म्हणाला, तिघं येऊन गेले, कुणाच्या तोंडून असलं निघालं नाही. आणि पोरांना बजावून ठेवू की. डार्ला म्हणाली, ठेवा, पण दारं आत सरकेपर्यंत मी लिफ्ट विकणार नाही. आणि तिने चेंडू पिशवीत टाकला.

"सोमवारवाल्याला फोन लाव," उलीस बायकोला म्हणाला.

एलोदीच्या डोळ्यांपुढे लाफयेतचे पडदे हलले. फोन लावला की सुटले. दारं काढून परत बसवायची म्हणजे ईस्टर हातचा गेला. ती उठली आणि जिन्याखालच्या चपला-बुटांच्या रांगेतून नातीचे, पाच वर्षांच्या एमेलीचे, पांढरे रबरी बूट उचलून आणले. रेघ आणि दार यांच्यामध्ये ते उभे केले आणि दार लोटलं.

कडी अलगद बसली.

"लागलं," ती म्हणाली.

उलीसने दार उघडून बूट बाहेर काढून ठेवले. मग पहार आणायला गेला. एलोदीने तिसऱ्या विक्रेत्याला फोन लावला तो नकार द्यायला.

दारांना दहा दिवस लागले, लिफ्टला आणखी तीन आठवडे. ऑपरेशन झाल्यावर एलोदीला अठरा दिवस लाफयेतला काढावे लागले, आणि टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या सगळ्या वकिलांची नावं तिला पाठ झाली.

परतली तेव्हा डार्ला शेवटच्या तपासणीला आली होती, पण चेंडू उलीसच्या हातात होता. सायप्रसची दारं आता भिंतीत खोल बसली होती, कोनाड्यातल्यासारखी. तो खाली वाकून चेंडू फटीत घुसवत होता. मधोमध, कोपऱ्यात, मुठीने ठोकून. जाईना. लिफ्टने वर जाऊन तिथलंही दार त्याने तसंच तपासलं. जाईना. खाली आल्यावर त्याने डार्लाकडे चेंडू विकत मागितला. ती म्हणाली, उद्या मला लागतो.

"मग संध्याकाळपर्यंत दे. समोर दुगासकडे लिफ्ट आहे, आणि चार नातवंडं."

"अरे, आधी मला तरी वर सोड," एलोदी म्हणाली.

तो केव्हाच रस्त्याला लागला होता. डार्लाने तिची चाकाची खुर्ची आत घेतली, आणि एलोदीने स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.