राखणीची गुरगुर

काचेला चिकटवलेला स्पीकर तिने दोन्ही हातांनी ओढला. तो निघेना, तेव्हा ती नखांनी चिकटपट्टी खरवडू लागली.

"वहिनी, अहो काच फुटेल!" दीर तिकीटखिडकीतून धावत आला.

"फुटू दे. मी सांगितलं होतं ना, गाणी नकोत म्हणून?"

मत्स्यालय सासऱ्यांनी उभारलेलं. माशांची डॉक्टर ती आणि कारभारी हा. बघायला येणाऱ्यांना म्हणे नुसत्या टाक्यांसमोर करमत नाही, म्हणून याने गेल्या आठवड्यात टाकीटाकीला स्पीकर डकवले. तिने परोपरीने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. घरचा माणूस म्हणून गिळलेला राग आज गळ्याशी आला होता.

"माशांना कुठं आलेत कान?" तो हसला.

"तुमच्यापेक्षा बरे आहेत."

या टाकीत मादीने पहिल्यांदाच अंडी घातली होती, मातीच्या नळीत, वर छताला चिकटवून. राखण नराकडे. पोटातली हवेची पिशवी थरथरवून तो गुरगुरला की बाकीचे मासे नळीकडे फिरकत नसत. मारामारीत तो अगदीच कच्चा, गुरगुर हेच काय ते त्याचं हत्यार. या अंड्यांसाठी तिने जिवाचं रान केलं होतं.

पाण्यातल्या माइकचे हेडफोन तिने दिराच्या कानांवर जवळजवळ आदळले.

"काय ऐकू येतंय?"

"आपलंच गाणं."

"आणि नराची गुरगुर?"

त्याने पुन्हा कान दिला. हसू मावळलं. तो गेला, गाणी बंद करून आला आणि हेडफोन परत चढवले.

"वहिनी, गुरगुरतोय की! केवढा तापलाय!" त्याचा चेहरा फुलला. "चुकलंच माझं. पण वाचली ना अंडी? बघा, कुणी जवळ येत नाहीये."

ती खाली वाकली. टॉर्चचा झोत नळीत टाकून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने टॉर्च त्याच्या हातात दिला.

"आत बघा, भाऊजी."

त्याने पाहिलं. नळीचं छत साफ होतं. एकही अंडं उरलं नव्हतं. तोंडाशी नर मात्र कल्ले फुलवून तसाच उभा होता.

हेडफोन काढायला त्याचे हात वर गेले. तिने ते तिथेच दाबून धरले.

"काढायचे नाहीत," ती म्हणाली. "ऐका."