तबकडीला घातलेला हार

माझी वेदिका बाळंतपणाला माहेरी आली तेव्हाच तिच्या सासूनं, नवसाबाईंनी, बजावलं होतं की बाळंतिणीला अंघोळीचं पाणी चुलीवरचंच हवं. मी म्हटलं, बघू. चुलीच्या धुरानं माझा दमा उसळतो म्हणून तर अंगणात सोलरची तबकडी बसवली. आरशांची भली मोठी परात समजा. सगळं ऊन मधल्या काळ्या टाकीवर पडतं आणि तासाभरात पाण्याला कढ येतो.

बाळ दहा दिवसांचं झालं आणि दसऱ्याला विहीणबाई मालेगावहून थेट दारात. पाणी पटलं नाही तर सून-नातू आजच नेणार, स्पष्टच बोलल्या. लेक सव्वा महिना राहणार म्हणून मी किती दिवस मोजले होते.

आता आम्ही पडलो झेंडूवाले. दसऱ्याला आमच्यात ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, खुरपं, काहीच बिनहाराचं राहत नाही. तबकडीचीही मी सकाळी दणक्यात पूजा केली होती. अकरा वाजता पाणी काढलं, तर कोमट! विहीणबाईंनी बोट बुडवलं आणि पदराला पुसलं.

तेवढ्यात करपल्या फुलांचा वास आला. टाकीला जाडजूड हार, आरशांवर हळदीकुंकवाचे पट्टे, सगळं माझंच काम. ऊन बिचारं शिरणार कुठून?

पण दसऱ्याला वाहिलेला हार त्याच दिवशी कोणी काढतं का? तेही विहिणीसमोर? आमचे हे हळूच म्हणाले, आजच्यापुरती चूल पेटव. म्हणजे पोरगी गेलीच की हातची.

"देवाला रागवायचं तर माझ्यावर रागवू दे," मी म्हणाले. "माझ्या लेकीला पाणी पाहिजे."

हात भाजू नये म्हणून तबकडी उन्हापासून फिरवली आणि हार उतरवला.

विहीणबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. तर बाईंनी पदर खोचला, फडकं भिजवलं आणि एकेक आरसा लख्ख पुसून काढला.

तबकडी पुन्हा उन्हाकडं वळवली आणि दुपारी वाफाळतं पाणी निघालं. गार पाण्याचं विसण घालून त्यांनीच नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. पठ्ठ्या तिथंच झोपला.

"लेकीसाठी देवाशी भांडणारी आई हाय," त्या म्हणाल्या. "सून सव्वा महिना इथंच राहील."

मला रडूच आलं. डोळे पुसते न पुसते तोच त्या म्हणाल्या, "आणि मीपण."