मेणवेलीची पाठवणी

हेमांगी दातेने बत्तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले. कागद पुरे असतील तर मंजुरी, नसतील तर पत्र, असा तिचा सरळ खाक्या. गेलेल्या माणसाच्या बायकोने टेबलासमोर बसून डोळ्यांना पदर लावला, तर हेमांगी आधी पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि मग राहिलेल्या कागदांची यादी. ती काही दुष्ट नव्हती. यादी हातात पडली की माणूस कामाला लागतो आणि कामाला लागला की रडू आवरतं, असं तिचं अनुभवाचं मत होतं. ऑफिसात तिच्यामागे तिला 'त्रुटी मॅडम' म्हणत. हे तिला माहीत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, एका मार्चमध्ये, मुलुंडच्या घरी ती चवळी निवडत बसली असताना फोनवर रत्नप्रभाचा मेसेज आला. रत्नप्रभा म्हणजे तिची थोरली जाऊ. तिचा नवरा, म्हणजे हेमांगीच्या नवऱ्याचा, शिवदासचा, मोठा भाऊ, जाऊन दहा वर्षं झाली होती आणि ती आता मुलाकडे, मिहिरकडे, सिंगापूरला राहायची. दोघी जावांमध्ये सात वर्षं शब्द नव्हता. मेसेज एका ओळीचा होता: 'वेल छान वाढली आहे. तुला हवी असेल तर पाठवते.'

वेल सासूबाईंची. जाड, गुळगुळीत पानांची, मुलुंडच्या गॅलरीत गजांना धरून चढलेली, आणि वर्षातून दोनदा तिला फिकट गुलाबी फुलांचे झुबके यायचे, मेण ओतून केलेत असे. सासूबाई तिला मेणवेल म्हणत. शेवटची अकरा वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं हेमांगीने केलं आणि वेलीला पाणीही तिनेच घातलं. सासूबाईंच्या तेराव्याला रत्नप्रभा कांदिवलीहून आली, जेवली, आणि निघताना कुंडी उचलून टॅक्सीत ठेवून घेऊन गेली. कुणाला विचारलं नाही. हेमांगीने स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही. मग बोललीच नाही. पुढे रत्नप्रभा सिंगापूरला गेली तेव्हा वेलीचा एक तुकडा ओल्या पंचात गुंडाळून बॅगेत घालून नेला, आणि कांदिवलीतली कुंडी वाळून गेली, एवढं शिवदासकडून कळलं होतं.

"आता बोला की दोघी," शिवदास म्हणाला. हेमांगीने त्याला सांगितलं की आपल्याला वेल हवी आहे, बोलण्याचा इथे काही संबंध नाही.

वेल गेली होती बॅगेतून, पण हेमांगी दातेच्या घरी ती बॅगेतून येणार नव्हती. परदेशातून जिवंत रोप आणायचं तर काय लागतं, हे तिने चार दिवस बसून वाचून काढलं, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर इतके मजेत गेलेले चार दिवस तिला आठवत नव्हते. इकडून आयातीचा परवाना. तिकडून रोप निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. मुळांना मातीचा कण नको. आल्यावर विमानतळापाशी तपासणी, आणि नंतर दीड महिना मंजूर केलेल्या जाळीघरात, इतर झाडांपासून दूर, एकांतवास. परवान्याच्या अर्जात शास्त्रीय नाव लागत होतं, आणि 'मेणवेल' हे नाव सरकारला पुरणारं नव्हतं. बोरिवलीच्या अल्पेशभाईंची नर्सरी आणि तसं जाळीघर होतं. त्यांनी फोटो बघून ही होया आहे म्हणून सांगितलं, पुढचं लॅटिन नाव लिहून दिलं आणि वेल आपल्याकडे दीड महिना ठेवून घ्यायचं कबूल केलं.

मग हेमांगीने रत्नप्रभाला यादी पाठवली. अकरा मुद्द्यांची. वर मायना नाही, खाली नाव नाही. अकरावा मुद्दा असा होता: 'तपासणी होऊन खोकं बंद झालं की उघडू नये. आत रोप आणि शेवाळ सोडून काहीही ठेवू नये.'

रत्नप्रभाने उत्तर दिलं, 'बरं.'

पुढचे सात महिने जावांची बोलणी अशीच चालली. 'कशी आहेस' नाही की 'गुडघे काय म्हणतात' नाही. रत्नप्रभा एक्काहत्तर वर्षांची, इंग्रजी बेताचं, पण तिकडच्या सरकारी ऑफिसात ती तीन वेळा गेली, एकटी गेली. धुतलेल्या मुळांचा फोटो पाठवून तिने खाली लिहिलं, 'न्हाणं झालं.' हेमांगीने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि कळवलं की डावीकडच्या मुळाशी अजून माती दिसते, परत धुवा. तासाभराने दुसरा फोटो आला. मुळं शेवयांसारखी पांढरी. हेमांगीने उत्तरात फक्त 'ठीक' लिहिलं, पण फोटो शिवदासला दाखवला, आणि शिवदासने चष्मा लावून मुळांऐवजी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस वेल निघाली. तिसऱ्या दिवशी सहार विमानतळाच्या कार्गोतून फोन आला की तुम्हाला स्वतः यावं लागेल.

तिथल्या तपासणी अधिकारी प्रांजल म्हात्रे म्हणून होत्या, तिशीच्या, हातात मोजे घातलेल्या. त्यांनी हेमांगीला आत बोलावलं. टेबलावर पांढरा ट्रे होता आणि ट्रेमध्ये वेल. सात पानं, एकही पिवळं नाही. मुळांभोवती शेवाळ, अगदी यादीत लिहिलं होतं तसलंच, पण त्या शेवाळात, मुळांच्या बेचक्यांत, सगळीकडे कुंकू लागलेले तांदूळ पसरले होते. बाजूला एक सुपारी, एक हळकुंड, आणि हिरव्या खणाची घडी.

हेमांगीला पहिल्यांदा राग आला. अकरावा मुद्दा इतका स्वच्छ लिहिला होता.

"सर्टिफिकेटवर एक रोप आणि निर्जंतुक शेवाळ आहे," प्रांजल म्हणाल्या. "हे बाकीचं तिकडची तपासणी झाल्यावर आत आलंय. म्हणजे खोकं नंतर उघडलं गेलं. मग त्या सर्टिफिकेटचा काही उपयोग नाही, मॅडम."

त्यांच्या आवाजात ना चीड होती ना कीव. हा आवाज हेमांगीच्या चांगल्या ओळखीचा होता. बत्तीस वर्षं तो तिचाच होता. तिने तरी विचारलं की कांडलेला तांदूळ उगवतो का, आणि उकडून वाळवलेल्या हळकुंडाला कोंब फुटतो का. प्रांजल म्हणाल्या की नाही फुटत, ते त्यांनाही कळतं, पण उघडलेल्या खोक्यात तांदळाबरोबर आणखी काय आलं हे त्या सांगू शकत नाहीत, आणि जे सांगता येत नाही त्यावर त्या सही करत नाहीत. हेमांगी त्या खुर्चीत असती तर हेच म्हणाली असती, शब्दसुद्धा बदलला नसता. भांडायला जागाच नव्हती, आणि त्यामुळे तिला अधिकच हतबल वाटलं.

पर्याय दोन होते. रोप परत पाठवायचं किंवा इथेच नष्ट करायचं. परत पाठवायला कागदपत्रांत दोन आठवडे जाणार होते, आणि बंद खोक्यात उजेडाशिवाय तेवढे दिवस ते तगलं नसतं.

"आणि हे काय आहे, कशासाठी ठेवलं, ते तुमच्या हाताने लिहून द्या," असं म्हणून प्रांजलनी कागद पुढे केला. मग जरा थांबून म्हणाल्या, "मला माहितीये काय आहे ते. पण फाईलला लागतं."

हेमांगीने पेन उघडलं. 'ओटी' असं लिहिलं, आणि पुढे काही सुचेना.

कारण ओटी कोण भरतं आणि कुणाला भरू देत नाहीत, हे लिहायची वेळ आली की सईचं लग्न आठवणारच होतं. सई हेमांगीची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांपूर्वी मुलुंडच्याच हॉलमध्ये तिचं लग्न झालं. रत्नप्रभाचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही पुरतं झालं नव्हतं. पाठवणीच्या आधी बायका सईची ओटी भरत होत्या, तबक एकीकडून दुसरीकडे जात होतं, आणि ते मोठ्या काकूपाशी आलं. रत्नप्रभाने हात पुढे केला होता. सईला न्हाऊमाखू घातलेला हात. हेमांगीने तबक तिच्यासमोरून उचललं आणि पलीकडच्या बाईपुढे धरलं. कुणी सांगितलं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नाही. लोक काय म्हणतील, विधवेच्या हातची ओटी, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं होतं. रत्नप्रभाने हात मागे घेतला आणि त्याच हाताने खांद्यावरचा पदर सारखा केला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी सासूबाईंचं तेरावं आणि ती टॅक्सी. हेमांगीने गेली सात वर्षं आपल्यावरच्या अन्यायाचा पाढा मनाशी वाचला होता, आणि दर वेळी सुरुवात टॅक्सीपासून केली होती. त्याआधीची दोन वर्षं तिने कधी धरलीच नाहीत. असा अर्धवट दावा दुसऱ्या कुणी तिच्या टेबलावर आणला असता, तर तिने तो उभ्या उभ्या परत केला असता.

तिला लाज वाटली. साधी, कान तापवणारी लाज.

ट्रेमधल्या वेलीकडे बघत तिने कागद पुरा केला: 'ओटी. घरातून निघणाऱ्या लेकीसुनेची भरतात. पाठवणाऱ्या बाईंनी रोपाची भरली, कारण रोप आपल्या घरी परत येत होतं. व्यापारी हेतू नाही.' खाली एक रकाना होता, पाठवणाऱ्याशी नातं. तिथे तिने लिहिलं, थोरली जाऊ.

प्रांजलनी ते वाचलं आणि फाईलला लावलं. खण मात्र त्यांनी उचलून झटकला, भिंगाखाली दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि कापडाला बंदी नाही म्हणून पिशवीत घालून हेमांगीच्या हातात दिला. बाकीचं सगळं भट्टीत जाणार होतं. एका पानाला हात लावू का, असं हेमांगीने विचारलं. नाही लावता येणार, असं उत्तर आलं. तिने सही केली.

घरी आल्यावर तिने चहासुद्धा घेतला नाही. शिवदास समोर बसला होता. तिने सिंगापूरला फोन लावला, मेसेज नाही.

"पोचली का गं?" रत्नप्रभाने विचारलं. आवाज होता तसाच होता, थोडा घोगरा.

"ओटी पोचली, वहिनी."

'वहिनी' हा शब्द सात वर्षांत पहिल्यांदा निघाला होता.

"आणि वेल?"

"वेल अडवली त्यांनी. नष्ट करतात."

"तांदळामुळे ना? मी उघडलं गं खोकं. तू लिहिलं होतंस तरी. रिकामी कशी पाठवायची म्हणून..."

शिवदास बायकोकडे बघत राहिला. बत्तीस वर्षांत तिने कधी एक खोटी ओळ पुढे जाऊ दिली नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"तांदळामुळे नाही," हेमांगी म्हणाली. "माझाच एक कागद राहिला होता."

"तुझा? कागद?"

"हो. जुना होता. माझ्या लक्षातच आलं नाही."

"राहतो गं कधीकधी," रत्नप्रभा म्हणाली. हेमांगीने हे वाक्य आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. आणि मग रत्नप्रभा म्हणाली की इकडे अजून भरपूर वेल आहे, तुकडा परत काढता येईल, तू यादी तेवढी पुन्हा पाठव.

हेमांगीने त्याच संध्याकाळी यादी पाठवली. आधीचे अकरा मुद्दे होते तसेच ठेवले. वर या वेळी 'ती. वहिनीस' असा मायना घातला, आणि शेवटी एक मुद्दा वाढवला:

'१२. ओटी खोक्यातून पाठवू नये. दिवाळीनंतर सई माहेरी येणार आहे. स्वतः येऊन तिची भरावी. तांदूळ इथे आहेत.'